प्रायश्चित्त घेतात, पश्चात्ताप होतो : ख्रिस्ती उपवासकाळाच्या मराठीविषयी

मराठीत प्रायश्चित्त ‘घेतात’ किंवा ‘देतात’. पश्चात्ताप मात्र ‘होतो’. कोणी कोणाला पश्चात्ताप देत नाही आणि ‘काल सकाळी मी पश्चात्ताप केला’ असे घरात कोणी बोलत नाही. अनुतापाचेही तसेच. तो होतो, माणूस तो पावतो. या क्रियापदांकडे माझे लक्ष गेले ते ख्रिस्ती उपवासकाळावरच्या मराठी पुस्तिका वाचताना. रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अशा पुस्तिका मी बरीच वर्षे जमवत आलो आहे. कुणाच्या तरी आजीच्या पेटीतून निघालेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या, चाळीस दिवसांची चाळीस चिंतने असलेल्या. त्यांत पानोपानी आज्ञार्थ भेटतो : पश्चात्ताप करा. पहिल्या दहा-बारा पुस्तिकांत तो खटकला नाही. मग खटकू लागला आणि का खटकतो याचा शोध घेता घेता हा लेख झाला.

ज्या वाचकांचा या काळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे उपवासकाळ. मधले रविवार धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात दिवस शेहेचाळीस होतात. वसईकडे याला उपवासकाळ म्हणतात, प्रायश्चित्तकाळही म्हणतात. गोव्यात कोरेझ्म, म्हणजे पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’, चाळिशी. सुरुवात राखेच्या बुधवारी होते. मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि ती कपाळाला लावतात. राख लावताना धर्मगुरूने म्हणायचे वाक्य पूर्वी एकच होते. उत्पत्तीच्या पुस्तकातले, माणसाला त्याच्या मातीची आठवण देणारे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्साग्रंथात त्याला पर्याय आला, मार्कच्या शुभवर्तमानातला, पश्चात्तापाची आणि विश्वासाची आज्ञा करणारा. दोन्ही वाक्ये मी देवळाच्या शेवटच्या बाकावर बसून ऐकली आहेत. पहिले ऐकून माणूस गप्प होतो. दुसरे ऐकून तो मान डोलावतो आणि आपल्या जागी जाऊन बसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मराठी ख्रिस्ती लेखनाने मनाच्या या घटनेसाठी जे शब्द निवडले, त्यांना ख्रिस्तीपूर्व मराठीतली स्वतःची क्रियापदे आणि स्वतःचा इतिहास चिकटलेला होता. भाषांतर करणाऱ्यांनी नाम उचलले, क्रियापद मागे राहिले. उपवासकाळावरचे बरेचसे मराठी लेखन निर्जीव वाटते त्याचे एक मोठे कारण मला इथे दिसते. लिहिणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही.

प्रथम प्रायश्चित्त. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. म्हणजे धर्मशास्त्राचा एक तृतीयांश संसार या शब्दाने व्यापलेला आहे. ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी फोड टीकाकार देतात. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग मोजले आहेत : पाप बोलून दाखवणे, अनुताप, तप, अध्ययन आणि अडचणीच्या वेळी दान. पुन्हा असे करणार नाही हा निश्चयही तिथे सांगितला आहे. आता याच्या शेजारी ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराची जी अंगे सांगितली ती ठेवावीत : अंतःकरणाचा खेद, पापकबुली आणि भरपाई. दोन याद्या इतक्या जवळ येतात की ‘प्रायश्चित्त’ हा शब्द कॅथलिक मराठीत सहज बसला याचे नवल वाटू नये. लॅटिन ‘पेनितेन्तिया’साठी याहून नेमका शब्द शोधून सापडला नसता.

पण शब्द काही एकट्या शास्त्रात राहत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात प्रायश्चित्ताचा अर्थ धर्मसिंधूच्या पोथीपेक्षा वर्तमानपत्रांत जास्त घडला, आणि तो घडला नेमका ख्रिस्ती संपर्काच्या संदर्भात. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण गाजले. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. लहानगा श्रीपत मिशनमध्ये राहून आला होता आणि न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मिशनमध्ये राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. त्या काळाच्या मानाने ही फार उदार भूमिका होती. पण शब्दाचे काय झाले ते पाहा. अजाण मुलाने कोणते पाप केले होते? इथे प्रायश्चित्ताचा मनाशी काही संबंध उरला नव्हता. ते जातीच्या दाराचे कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे, एवढाच वाद होता.

सत्तेचाळीस वर्षांनी हेच नाटक पुण्यात मोठ्या रंगमंचावर झाले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेला हातात धरला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हा घाट घातला होता. मग ‘पुणे वैभव’मध्ये नावे छापून आली आणि शहर ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी प्रथम नकार दिला आणि १८९२ साली मित्रमंडळींसाठी म्हणून ते घेतले. सुधारकांत त्यावरून केवढी निराशा पसरली आणि घरात काय वाटले, ते रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याची एक बाजू सहसा कोणी पाहत नाही. चहा प्याला गेला ती जागा कोणती होती? पंच हौद मिशन हे अँग्लिकन पंथातल्या काउली फादर्सचे आणि वाँटेजच्या भगिनींचे केंद्र. हा पंथाचा ‘उच्च’ म्हणवणारा गट. प्रॉटेस्टंट असूनही धर्मगुरूपुढे एकांतात पापकबुली देण्याची चाल त्याने इंग्लंडात पुन्हा सुरू केली आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, याच परिवारातले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेजलाच झाला. म्हणजे ज्या आवारात दर उपवासकाळात काही माणसे गुडघे टेकून आपल्या पापांचे प्रायश्चित्त मागत होती, त्याच आवारात चहा प्याल्याबद्दल बाहेरच्या मंडळींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. शब्द एकच. भिंतीच्या आत त्याचा अर्थ देवाकडे परतणे आणि भिंतीबाहेर, या भिंतीच्या आत गेल्याचा डाग पुसणे.

रानड्यांना चहाचा पश्चात्ताप झाला होता, असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. ते प्रायश्चित्त पश्चात्तापावाचून घेतलेले होते आणि घेणाऱ्याला, देणाऱ्याला, बघणाऱ्याला, सगळ्यांना ते ठाऊक होते. त्यानंतर हा शब्द मराठीत पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, असे मला वाटते. आज आपण ‘त्याला चांगलेच प्रायश्चित्त मिळाले’ म्हणतो तेव्हा शिक्षा एवढेच म्हणायचे असते. वसईच्या देवळात ‘प्रायश्चित्तकाळ’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा या सगळ्याचा कळत-नकळत आवाज त्यात असतोच. चाळीस दिवस मांस नाही, लग्नकार्य नाही, शुक्रवारी क्रूसाची वाट. भरपाईच्या बाजूला वजन पडते आणि खेदाची बाजू वर उचलली जाते. मी नावे ठेवत नाही. व्रते करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा मोह चांगला समजतो.

आता दुसरा शब्द. युरोपातला वाद आधी पाहावा लागतो, कारण तोच पुढे आपल्या भाषांतरांत उतरला. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन बदलणे. लॅटिन बायबलमध्ये त्याचे ‘पेनितेन्तिया’ झाले आणि त्या शब्दात शिक्षा, भरपाई, तपश्चर्या यांचा सगळा गोतावळा होता. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला. त्याच्या टिपांत त्याने वेगळे लॅटिन क्रियापद सुचवले, ‘रेसिपिस्किते’. त्याचा अर्थ ‘भानावर या’. पुढच्याच वर्षी ल्यूथरच्या पंचाण्णव कलमांतले पहिलेच कलम या आज्ञेवर होते : ख्रिस्ताला सबंध आयुष्य पश्चात्तापाचे हवे आहे, आणि लगेच दुसरे, की धर्मगुरूने द्यायच्या संस्काराशी याची गल्लत करू नये. ‘देणे’ आणि ‘घेणे’ या क्रियापदांविरुद्धचे हे बंड होते.

मराठीत मिशनऱ्यांनी या बंडाची बाजू घेतली. प्रायश्चित्त बाजूला ठेवले आणि ‘पश्चात्ताप’ उचलला. आज मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ असलेल्या बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आणि येशूच्या तोंडी तोच शब्द आहे. निवड विचारपूर्वक होती, पण शब्दात दोन अडचणी होत्या. एक, ‘पश्चात्’. हा ताप मागे वळून पाहण्याचा आहे. मेटानोइयातला पुढे पाहणारा अर्धा भाग त्यात येत नाही. दुसरी, क्रियापदाची. मूळात आज्ञार्थ आहे म्हणून मराठीतही आज्ञार्थ आला आणि जे होते ते करायला सांगितले गेले. ‘रडू आण’ असे लहान मुलाला सांगावे तसे. आज्ञा पाळायची तर माणूस काय करणार? चेहरा करणार. उपवासकाळाच्या पुस्तिकांतली भाषा मला पुष्कळदा असा केलेला चेहरा वाटते. ‘मी अधमाधम पापी’ अशी वाक्ये चाळीसही दिवस येतात, पण पाप कोणते ते एकाही दिवशी कळत नाही. एकनाथांच्या कदर्यूने निदान कोणाकोणाचे पैसे दाबले ते तरी कळते.

इथे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. अहमदनगरच्या आणि भोवतालच्या मिशन मंडळ्यांत जे लोक आले ते मुख्यतः महार आणि मांग. तुमचा जन्म हाच मागच्या पापाचा परिणाम, असे ज्यांच्या पिढ्यांना सांगण्यात आले होते, त्यांच्या कानांवर नव्या देवळातला पहिला शब्द पडला तो पुन्हा पापाचाच. पाप करणारा कोण आणि सोसणारा कोण, हा प्रश्न त्या आज्ञार्थात नव्हता. गावकुसाबाहेरच्या माणसाने पश्चात्ताप करावा, हे ठीक, पण कशाबद्दल? आणि कुसाच्या आतल्या माणसाला ती आज्ञा कोणी ऐकवली? जमवलेल्या पुस्तिकांत मी हा प्रश्न शोधला. अस्पृश्यता हे उपवासकाळात कबूल करायचे पाप आहे, असे मला एकीतही आढळले नाही.

तिसरा शब्द अनुताप. हा कोणा मिशनऱ्याने शोधून आणलेला नाही. १५७३ साली काशीत पुरे झालेल्या एकनाथी भागवतात तो भरून राहिला आहे. तेविसाव्या अध्यायातला अवंतीचा कदर्यू सगळी संपत्ती गेल्यावर अनुतापतो. सव्विसाव्यात पुरूरवा उर्वशीच्या मागे घालवलेल्या आयुष्याकडे पाहून अनुतापतो. नाथ हे प्रसंग मुळाहून कितीतरी फुगवतात, कारण त्यांना त्यात रस आहे. आणि तुकोबांचा एक छोटा अभंग आहे, त्याकडे या विषयाच्या अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही. अनुतापाने दोष निमिषात जातो, असे ते तिथे म्हणतात. मात्र तो अनुताप आरंभापासून शेवटपर्यंत मुक्कामाला राहिला पाहिजे. आणि मग म्हणतात की हेच प्रायश्चित्त. चित्ताने अनुतापात न्हावे. इथे कोणी देणारा नाही, घेणारा नाही, दक्षिणा नाही. ल्यूथरने जे दोन कलमांत सांगितले ते देहूच्या वाण्याने चार ओळींत सांगितले, शंभर-सव्वाशे वर्षांनी आणि एकमेकांची गंधवार्ता नसताना. पंच हौदच्या प्रकरणात सापडलेले रानडे प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करणारे होते, ही आठवण इथे केल्यावाचून राहवत नाही.

मग ख्रिस्ती मराठीत अनुताप कुठे गेला? तो आहे, पण कुठे आहे ते पाहण्यासारखे आहे. मराठी बायबलच्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात, राखेच्या बुधवारी ज्याचे गायन होते त्या दाविदाच्या स्तोत्रात, हृदयाला ‘अनुतप्त’ हे विशेषण लावले आहे. आणि उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात व योनाच्या पुस्तकात अनुताप पावतो तो देव! माणसाला निर्माण केल्याचा देवाला अनुताप होतो; निनवे शहराचा नाश करायचे ठरवून तो अनुताप पावतो आणि करत नाही. म्हणजे माणसांनी ‘पश्चात्ताप करायचा’ आणि देवाला ‘अनुताप व्हायचा’, अशी ही वाटणी. अनुवादकांनी ती ठरवून केली असेल असे नाही. हिब्रूत दोन वेगळी क्रियापदे आहेत. पण मराठी कानाला ती एक गोष्ट सांगून जाते : जे आतून आपोआप होते ते देवाच्या वाट्याला आणि जे हुकमाने करायचे ते आपल्या.

हिब्रूत माणसासाठी जे क्रियापद येते ते अगदी साधे आहे, ‘शुव’, म्हणजे वळणे, परत फिरणे. वाट चुकलेला माणूस वळतो तसे. राखेच्या बुधवारच्या पहिल्या वाचनात, योएलच्या पुस्तकात, लोकांना वळायला सांगितले आहे, आणि पुढे असेही, की कोण जाणे, कदाचित देवही वळेल. तेच क्रियापद दोघांना. उपवास, राख, कपडे फाडणे यांच्यावर तो संदेष्टा विसंबत नाही. फाडायचेच तर हृदय फाडा, असा त्याचा रोख आहे. आणि त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात येशू उपवास करणाऱ्याला तोंड धुवायला सांगतो, म्हणजे उपवास दिसू नये. कपाळाला राख लावून हे वाचन ऐकायचे असते. ज्याने ही वाचने एका दिवशी बसवली तो खट्याळ असला पाहिजे.

एक्कावन्नाव्या स्तोत्राविषयी मात्र एक तक्रार नोंदवतो. परंपरेने ते दाविदाचे मानतात, नाथान संदेष्टा त्याच्याकडे येऊन गेल्यानंतरचे. ती कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दाविदाने बथशेबाला नेले आणि तिच्या नवऱ्याला, उरियाला, लढाईत पुढे ठेवून मारवले. नाथान येतो आणि राजाला एक गोष्ट सांगतो : श्रीमंताने पाहुण्यासाठी स्वतःचे मेंढरू न कापता गरिबाचे एकुलते कोकरू कापले. राजा संतापून श्रीमंताला शिक्षा ठोठावतो आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. नाथान प्रायश्चित्त देत नाही, पश्चात्तापाचा हुकूमही देत नाही. तो गोष्ट सांगतो आणि अनुताप होतो. साहित्याच्या वाचकाने ही कथा उशाशी ठेवावी. पण नंतरच्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी फक्त तुझाच अपराधी आहे. मग उरिया कुठे गेला? भाष्यकारांनी यावर पुष्कळ मलमपट्टी केली आहे. ती मला पटलेली नाही. पुरूरव्याचेही तेच : अनुताप होतो तो स्वतःच्या वाया गेलेल्या आयुष्याचा. ज्याचे नुकसान झाले तो माणूस दोन्ही परंपरांच्या मोठ्या काव्यांतून हळूच बाहेर पडतो. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय जकातदार त्या मानाने रोखठोक. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत. त्या प्रसंगात पश्चात्ताप हा शब्दच नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याची सुरुवात मिशनच्या छापखान्यांत झाली नाही, ती गोव्यात साष्टीत झाली. म्हणून तिकडे एकदा वळले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, नाथांचे भागवत पुरे झाल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी. ओवी तीच, पुराणाची बैठक तीच. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला स्टीफन्स कचरत नाही. पाठोपाठ फादर एतिएन द ला क्रुवा याने पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला, गोव्यातच छापलेला, १६२९ आणि १६३४ साली दोन भागांत. पुराण ऐकत बसलेल्या माणसावर आज्ञार्थाचा मारा होत नाही. नाथानने दाविदाला केले तेच त्याला होत असते. ही वाट चालू राहिली असती तर मराठी उपवासकाळाची भाषा वेगळी झाली असती, असे मी धरून चालतो. ती राहिली नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. आणि त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. डेलाँ या फ्रेंच वैद्याने १६७६ सालचा तिथला जाहीर सोहळा, त्यात स्वतः चालून, लिहून ठेवला आहे. दंड झालेल्यांच्या अंगावर खास झगे होते. पोर्तुगीजांत अशा माणसाला ‘पेनितेन्सियादु’ म्हणत, म्हणजे शब्दशः प्रायश्चित्त दिलेला. शंकराचार्यांच्या चौकशीत निदान चहाचीच झडती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही तुटलेली वाट ना. वा. टिळकांनी पुन्हा धरली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’तल्या रचना वाचल्या तर हे खरे वाटते. त्यांत पापाच्या याद्या जवळजवळ नाहीत. आहे ती भेटीची ओढ, ख्रिस्ताला माउली म्हणण्याचा हट्ट. पश्चात्तापाच्या मिशनरी व्याकरणातून टिळक सुटले ते असे. पण माझ्या मते त्यांनी किंमतही मोजली. अनुतापाची धग त्यांच्याकडे लवकर गोड होते. तुकोबांत ती मुक्कामाला असते, टिळकांत ती ओवाळणीसारखी येऊन जाते. त्यांचे खरे वळणे मला कवितेपेक्षा १९१७ सालच्या निर्णयात दिसते. मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, जिथे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांना जागा होती. दीड-दोन वर्षांत ते वारले.

या विषयावरचे मराठीतले सर्वांत चांगले पुस्तक मात्र मला ‘स्मृतिचित्रे’ वाटते, आणि ते या विषयावर लिहिलेलेच नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी नवरा ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षे सोवळे सोडले नाही. मग विचार करता करता त्यांना एक दिवस पटते की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला. आणि त्या सर्वांच्या हातचे खाऊ-पिऊ लागतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी ताटातले वळणे आणि मग देवळातले. सबंध पुस्तकात त्या कुठे छाती बडवत नाहीत. जुन्या स्वतःकडे पाहून त्या हसतात, आणि ते हसू इतके निर्दय आहे की कबुलीची गरज उरत नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ मी याच्या शेजारी ठेवून वाचले. फार प्रामाणिक पुस्तक. एका बुद्धिमान माणसाने पुराव्यामागून पुरावा तपासत केलेला प्रवास. पण तिथे मत बदलते. लक्ष्मीबाईंकडे हात बदलतो, पाण्याचा तांब्या घेणारा. मेटानोइयाचे भाषांतर करायचे झाले तर मी तो तांब्या पुढे करीन. गावकुसाच्या आतल्या माणसाने कशाबद्दल वळायचे, या मघाच्या प्रश्नाला मराठीत मिळालेले ते एक उत्तर आहे, आणि ते एका ब्राह्मण बाईने स्वतःच्या घरात दिले आहे.

शेवटी उपवासकाळातच वाचली जाणारी एक गोष्ट, उधळ्या पुत्राची. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या या गोष्टीत, तिच्या आधीच्या दोन लहान दाखल्यांत आलेला पश्चात्ताप हा शब्द येत नाही. बापाचा वाटा उडवून डुकरे राखण्याची पाळी आलेला मुलगा त्यांच्या शेंगांकडे बघत असताना काय होते, ते मराठी बायबलने एका शब्दात सांगितले आहे : तो ‘शुद्धीवर’ येतो. इरॅस्मसने सुचवलेल्या लॅटिन क्रियापदाचा हा तंतोतंत मराठी पडसाद आहे. आणि हा शब्द आपल्याकडे कोणत्या घरचा? ज्या घरात ‘शुद्धी’ म्हणजे प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेणे होते, त्या घरचा. एका शब्दयोगी अव्ययाने शब्द बामणाच्या हातून सुटला आणि डुकरांच्या खळ्यात भुकेने बसलेल्या पोराच्या डोळ्यांत आला.

तो मुलगा वाटेत बोलायची वाक्ये पाठ करतो. पाप केले, मुलगा म्हणवायला लायक नाही, चाकर म्हणून ठेवा. हे शेवटचे वाक्य म्हणजे त्याने स्वतःच ठरवलेले प्रायश्चित्त. घराजवळ आल्यावर बाप धावत येतो, गळ्यात पडतो. मुलगा पाठ केलेले म्हणू लागतो; पहिली दोन वाक्ये होतात आणि तिसरे तोंडातून बाहेर पडायच्या आत बाप चाकरांना हाका मारून झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. थोरला मुलगा तेव्हा शेतात असतो. घराजवळ येताना त्याला वाद्यांचा आवाज ऐकू येतो आणि तो दारातच थांबतो. तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.